गिरिजाच्या वतीनं

"नंदीबाबा, तेलाचा डबा रिकामा ठिवून बारी सोपवायची, ही कुठली रीत?"

विसूकाका नंदीच्या कानाशी वाकून म्हणाले. मी हाताच्या अंतरावर, सभामंडपातल्या खांबाला टेकून पुस्तक घेऊन बसले होते. मान वर न करता मीही नंदीलाच उत्तर दिलं.

"नंदीबाबा, काकांना सांगा, वाण्याकडं तेल आलं न्हाई. उद्या आई आणून ठेवंल."

"आन् सकाळचा दिवा काय पाण्यावर लावायचा का, इचारा तिला."

"सकाळपुरतं वाटीत काढून ठेवलंय म्हणावं. कोनाड्यात बघा."

काकांनी कोनाड्यात बघितलं. वाटी होती. तरी ते पुटपुटलेच. मग नंदीच्या पुढच्या पायांपाशी मी ठेवलेली गाभाऱ्याची किल्ली त्यांनी उचलून कमरेला खोचली. आमची बारी संपली, त्यांची सुरू झाली.

आमच्या तांबखळच्या खडकेश्वराची पूजा दोन गुरव घरांकडे आहे. एक आठवडा आमचा, एक त्यांचा. या आठवड्यालाच बारी म्हणतात. रविवारी सांजआरती झाली की किल्ली बदलायची. विसूकाका म्हणजे आण्णांचे, माझ्या वडिलांचे, सख्खे चुलतभाऊ. पूर्वी किल्ली या हातातून त्या हातात जायची. मी शाळेत असताना काकांनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. शंकर गुरवाला, म्हणजे आण्णांना, मुलगा नाही, मुलीला बारी येत नाही ही रूढी आहे, तेव्हा शंकरच्या मागे सगळी बारी आमची, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपापल्या पक्षकाराला दम भरला की समोरच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. तोंडातून काही निसटलं तर ती कबुली धरतील. पण देऊळ एक, विहीर एक, झाडूसुद्धा एकच. न बोलता चालायचं कसं? म्हणून दोघंही नंदीशी बोलायला लागले. नंदीशी बोललेलं पुराव्यात धरत नाहीत, असं आण्णांचं ठाम मत होतं.

मी त्या वर्षी बी.ए. झाले होते आणि लॉच्या प्रवेश परीक्षेला बसणार होते. आण्णांचा त्याला पाठिंबा होता, कारण घरात वकील झाला की देशमाने वकिलांची फी वाचेल. माझं कारण वेगळं होतं. कॉलेजात असताना एका तारखेला मी आण्णांबरोबर कोर्टात गेले होते. काकांच्या वकिलांनी भर कोर्टात आण्णांना विचारलं, "मुलगी पूजा करणार म्हणता, मग महिन्याचे चार दिवस देवाला आंघोळ कोण घालणार?" मागच्या बाकावरची माणसं हसली.  देशमाने वकील कागद चाळत राहिले. काका जमिनीकडे बघत होते. मला इतकी लाज वाटली, आणि मग लाजेपेक्षा जास्त राग आला, की त्या माणसाला उभं राहून उत्तर देण्यापुरतं तरी शिकायचंच, असं मी एसटीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

ठरवणं सोपं होतं. सातारच्या क्लासची फी ऐकून आई नुसती "अगं बाई" म्हणाली, तिथंच तो विषय संपला. देशमाने वकिलांनी त्यांच्या भाच्याचं पाठपोट फाटलेलं एक गाइड दिलं. चालू घडामोडींसाठी पेपर लावणं परवडत नव्हतं. पण देवाला येणारी फुलं आणि पेढे पेपरातच बांधून यायचे. ते कागद मी सरळ करून गादीखाली दाबून ठेवायची आणि वाचायची. माझ्या घडामोडी त्यामुळे जरा शिळ्या असायच्या. कुणी मंत्री झाल्याचं मला कळायचं तोवर त्याचं खातं बदललेलं असायचं.

अभ्यासाला जागा म्हणजे सभामंडप. तिथे गार असायचं, आणि घरात आण्णा. वैशाखाच्या सुरुवातीला विहिरीवरून घागर आणताना ते पायऱ्यांवरून घसरले होते. पाय प्लास्टरमध्ये, मुक्काम ओसरीवरच्या खाटेवर आणि तोंड दिवसभर सुरू. काकांच्या बारीतही मी देवळातच बसायची. देऊळ सगळ्यांचं आहे, मला उठवायचं तर काकांना माझ्याशी बोलावं लागलं असतं.

मला सगळ्यात अवघड जायचे ते कायद्याचा कल तपासणारे प्रश्न. वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली हकिकत, आणि फक्त तत्त्वाला धरून उत्तर द्यायचं. मोठ्याने वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी वाचायची.

"तत्त्व: मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या जमिनीत शिरणे म्हणजे अतिक्रमण, हेतू कोणताही असो. हकिकत: शेजारच्या विहिरीत वासरू पडलेलं बघून क्ष कुंपण ओलांडून गेला आणि त्याने वासरू वाचवलं. क्ष ने अतिक्रमण केलं का?"

मी "नाही" वर खूण केली. मागे उत्तर बघितलं तर "होय".

"नंदीबाबा," गाभाऱ्यातून आवाज आला, "वासरू वाचवलं त्याला गुन्हेगार? कुठल्या शहाण्यानं काढलंय हे पुस्तक?"

"काकांना सांगा, इथं मनाचं चालत न्हाई. वर लिहिलंय तेवढंच खरं धरायचं."

"मग मालकानं वासराची किंमत वजा करून घ्यावी की."

"तसा पर्याय न्हाई म्हणावं."

ही आमची दोघांची सारखीच खोड होती. गावात कुठलंही भांडण देवळाच्या पायरीवर आलं की थोडं याचं, थोडं त्याचं करून मिटवायचं, हेच आम्ही जन्मभर बघितलेलं. त्यामुळे कुणालाच पूर्ण हरवणारं उत्तर आमच्या हाताला येईना. पुढचे कित्येक दिवस मी वाचायची, काका पिंडीवरचा बेल काढता काढता ऐकायचे आणि आम्ही दोघंही नेमाने चुकायचो. हळूहळू माझी उत्तरं सुधारली. काकांची मात्र तशीच राहिली, पण वाद घालायचा उत्साह वाढत गेला.

एका सोमवारी नंदीपुढे कोरी वाटावीत अशी तीन जाड पुस्तकं ठेवलेली दिसली. आत सुहासचं नाव होतं. सुहास काकांचा मुलगा. याच परीक्षेसाठी त्याने पुण्यात क्लास लावला होता, परीक्षा काही दिली नाही, आणि आता तिथेच मोबाइलच्या दुकानात होता.

"नंदीबाबा," काका दारातूनच म्हणाले, "माळ्यावर उंदरं खात होती. कुणाला लागली तर घ्यावी, न्हाईतर बंबात घालावी."

मी ती छातीशी धरून घरी आणली. आण्णांनी खाटेवरूनच पुस्तकाचं एक पान उघडून नाकाशी नेलं.

"त्या घरातलं पुस्तक? मुद्दाम चुकीची उत्तरं छापलेली आसतील बघ."

"छापखाना काय काकांचा हाय का, आण्णा?"

"तू न्हाई वळखत त्याला," आण्णा म्हणाले. पण पुस्तकं परत कर, असं काही म्हणाले नाहीत.

मग हॉलतिकीट आलं, आणि सगळं अडलं.

परीक्षा आमच्या बारीतल्या शुक्रवारी, सकाळच्या सत्रात, केंद्र कोल्हापूर. त्यासाठी तांबखळहून उजाडायच्या आधीची पहिली एसटी धरायला हवी. आमच्या देवळात मात्र उन्हाची तिरीप उंबऱ्यावर आली की पिंडीला आंघोळ घालायची, त्याआधी नाही. आण्णांना खाटेवरून उठता येत नव्हतं. सुनांनी पिंडीला हात लावायचा नाही ही रीत दोन्ही घरांना मान्य होती, त्यामुळे आईचा प्रश्नच नव्हता. लेकींचं काय, यावर तर दावाच चालू होता. पण आण्णा पडल्यापासून पूजा मीच करत होते आणि गाव दर्शनाला येत होतं. आता त्या शुक्रवारी उन्हं वर आली आणि गाभाऱ्याला कुलूप दिसलं, तर काकांच्या वकिलांना आयतं कोलीत. मुलीकडून सेवा होत नाही, हे त्यांना मग सिद्धसुद्धा करावं लागलं नसतं.

आई म्हणाली, "विसूभाऊजींना एक दिवस बघा म्हणावं. न्हाई म्हणायचे न्हाईत ते."

"मागितलं की कबूल केलं!" आण्णा ओरडले. "आमच्याच्यानं हुईत न्हाई, तुम्ही करा, असंच झालं की ते."

देशमाने वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "मागायचं अजिबात नाही. आणि बारी चुकवायचीही नाही." मग काय करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

 आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गिरिजा, पुढच्या वर्षी दे परीक्षा. वरीस काय, असं जातं."

मला ठाऊक होतं वर्ष कसं जातं ते. कऱ्हाडचं एक स्थळ आत्याने आधीच धरून ठेवलं होतं आणि "मुलगी सध्या परीक्षा देतीय" एवढ्यावरच ते थांबलेलं होतं. मी रडले नाही, पण भाकरी तशीच ठेवली. उठून देवळात जाऊन बसले.

तो रविवार होता. काकांची बारी संपत होती. सांजआरती झाली, माणसं पांगली. काकांनी किल्ली नंदीच्या पायांपाशी ठेवली आणि उपरणं झटकलं. मी किल्ली उचलली नाही. सुहासचं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. 

"तत्त्व: एखाद्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून, त्याच्या वतीने काम केलं, तर ते काम सांगणाऱ्यानेच केलं असं धरलं जातं. हकिकत: क्ष ही एका देवळाची पुजारीण. तिच्या बारीत तिला एक दिवस परगावी जावं लागलं. तिने य ला तिच्या वतीने पूजा करायला सांगितलं. य ने ती केली. तर त्या दिवशीची पूजा कोणाची? अ, य ची. ब, क्ष ची. क, दोघांची निम्मी निम्मी. ड, पूजा झालीच नाही."

काका पायरीवर थबकले. मग परत आले आणि नंदीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"नंदीबाबा, कितव्या पानावर हाय हा प्रश्न?"

"पान फाटलंय म्हणावं."

"आन् ही क्ष परगावी कशाला गेली, ते दिलंय का पुस्तकात?"

"दिलंय. परीक्षेला. शुक्रवारी. पहिल्या गाडीनं."

 घंटेचा दोर उगाच हातात घेऊन काकांनी सोडून दिला. मला वाटत होतं ते म्हणणार, "क", निम्मी निम्मी. आजवर ते प्रत्येक वेळी तेच म्हणत आले होते.

"वर लिहिलंय तेवढंच खरं धरायचं का?" त्यांनी विचारलं.

"तेवढंच."

"मग ब," काका म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. शुक्रवारी पहाटे आईने दिलेली दशमी पिशवीत टाकली. ओसरीवर आण्णा जागेच होते. त्यांनी मान फिरवून घेतली. माझं जाणं त्यांनी अडवलं नाही, पण जा असंही म्हणाले नाहीत. देवळापाशी थांबून किल्ली नंदीच्या पायांपाशी ठेवताना माझा हात मागे येईना. मी स्वतः होऊन बारी टाकून जातेय, असं कुणी म्हणालं असतं तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते? काकांनी दोन माणसं आणून नुसतं कुलूप दाखवलं असतं तरी दावा त्यांच्या खिशात होता. त्यांनी शब्द दिला होता तोही मला नव्हे, एका दगडी बैलाला.

गाडी आली. मी बसले.

परीक्षेची खोली आणि थंडगार एसी सोडून मला फार काही आठवत नाही. कॉम्प्युटरवर कायद्याचे प्रश्न आले तेव्हा प्रत्येक उत्तराआधी मनात काकांचा आक्षेप उमटायचा, आणि मी तो बाजूला सारून वर जे लिहिलंय तेवढंच धरायची. पेपर बरा गेला. आनंद मात्र झाला नाही. परतीच्या गाडीत सगळा वेळ डोळ्यांपुढे कुलूपच येत होतं.

दिवेलागणीला गावात उतरले तर देवळाच्या पायरीवर आण्णा बसलेले. प्लास्टरचा पाय लांब केलेला, शेजारी आई. मी धावतच गेले.

"इथं कसे आलात?"

"तुझ्या आईच्या खांद्यावर," आण्णा म्हणाले. "तू गेल्यावर वाटलं, आपण पायरीवर तरी जाऊन बसावं. मग जे व्हायचं ते डोळ्यांदेखत होऊ दे."

"मग?"

"विसू आला. ओल्या पंच्यानं, सोवळ्यात. माझ्याकडं बघितलं पण न्हाई. तिरीप उंबऱ्यावर आली तशी किल्ली घेतली, आत गेला, हातात पाणी घेतलं आन् संकल्प सोडला." आण्णांनी गाभाऱ्याकडे बोट केलं.  "गिरिजा शंकर गुरव हिच्या वतीनं, म्हणाला. मोठ्यानं. हितवर ऐकायला यावं असं."

आईने पदराखालचं ताट पुढे केलं. दिवसभरात आलेले नारळ, खडीसाखर, दक्षिणा, सगळं त्यात होतं. "यातलं एक खोबऱ्याचं कुटकं पण नेलं न्हाई त्यांनी," ती म्हणाली.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. दिवसभराचं सगळं एकदम बाहेर आलं.

पण आण्णा शेवटी पक्षकारच. रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्यांनी देशमाने वकिलांना फोन केला होता. वकील तिकडून जवळजवळ ओरडलेच, "म्हणजे बारी मुलीची आहे, हे त्याने कबूल केलं! दोन साक्षीदार घ्या, लिहून काढा."

"न्हाई," मी म्हणाले.

"काय न्हाई?"

"त्यांनी उपकार केला, आन् त्याचा आपण पुरावा करायचा? मी न्हाई करू देणार."

"मग तू वकील कशाला हुतीयास?" आण्णा चिडून म्हणाले.  पण मी हटले नाही. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वकिलांना कळवलं की तो विषय काढायचा नाही.

मला साताऱ्याला प्रवेश मिळाला. कऱ्हाडचं स्थळ दुसरीकडे जमलं. आण्णांचा पाय बरा झाला, ते पुन्हा बारी करायला लागले आणि सुट्टीत मी. दावा आपल्या गतीने चालला होता. मी शेवटच्या वर्षाला असताना काकांची साक्ष निघाली. मी मागच्या बाकावर, त्याच बाकावर, जाऊन बसले.

काकांचं प्रतिज्ञापत्र वाचायला मिळालं आणि मी ते पुन्हा एकदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, अमुक तारखेला प्रतिवादीची मुलगी परीक्षेसाठी कोल्हापूरला निघून गेली होती, त्या दिवशीची पूजा वादीने स्वतः केली. खाली काकांची सही होती. जे मी वापरू दिलं नव्हतं तेच त्यांनी आमच्यावर उलटवलं होतं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. 

देशमाने वकील उलटतपासणीला उठले. आता विषय काकांनीच काढला होता, तेव्हा अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"त्या दिवशीची पूजा तुम्ही केलीत?"

"व्हय."

"बारी कोणाची होती?"

काकांचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठले. न्यायाधीश बाईंनी त्यांना हातानेच बसवलं आणि काकांना म्हणाल्या, "सांगा."

काकांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. टोपी काढली, परत घातली. 

"गिरिजाची," ते म्हणाले. "बारी तिची हुती. मी तिच्या वतीनं केली. संकल्प पण तिच्याच नावानं सोडला."

"म्हणजे मुलीला बारी येते, हे तुम्हाला मान्य आहे?"

"त्या दिवशी मान्य केलं की. आता अमान्य कसं करू?"

काकांच्या वकिलांनी फाइल मिटली. एवढी वर्षं चाललेला दावा त्या वाक्यावर संपल्यात जमा होता, हे मला तेव्हाच कळलं. आण्णा चष्मा पुसत राहिले.

बाहेर कोर्टाच्या आवारात काका चहाच्या गाड्यापाशी एकटेच उभे होते. त्यांचे वकील रागाने निघून गेले होते. मी जवळ गेले.

"काका, असं का बोललात? केस गेली तुमची. सुहासदादा काय म्हणंल?"

"म्हणंल ते ऐकायचं." त्यांनी बशीत चहा ओतला. "खोटं बोलायचं ठरवूनच आलो हुतो, गिरिजा. वकिलानं पाठ करून घेतलं हुतं. बारी कुणाची, आठवत न्हाई म्हणायचं, एवढंच. अवघड न्हवतं."

"मग?"

"हितं पिंजऱ्यात चढवून ईश्वरसाक्ष म्हणायला लावत्यात. बाकीच्यांना सोपं आसंल. ते म्हणत्यात आन् घरी जात्यात." काकांनी बशी तोंडाला लावली, संपवली. "मला सोमवारी त्याला आंघोळ घालायचीय."